सहाशे वर्षांपूर्वीचा तांबट

तांब्याची बारा भांडी करायची, पण ती तांब्याची असता कामा नयेत, असं विष्णूभाऊंना सांगण्यात आलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. दुबईत आठ वर्षं काढलेला माणूस न कळलेल्या गोष्टीलाही मान डोलवायला शिकतो. मग ते वर्कशॉपच्या बाहेर आले, कूलरचं गार पाणी प्यायले आणि परत आत गेले.

"साहेब, परत एकदा सांगता का?"

साहेब म्हणजे गुणवंत वैद्य. करामाला बायको-मुलीसह राहणारा, प्रदर्शनं उभारणाऱ्या एका कंपनीत को-ऑर्डिनेटर असलेला पुण्याचाच माणूस. वयानं विष्णूभाऊंपेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याला कुठलीही गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा नव्हता.

"हे बघा विष्णूभाऊ. मार्चमध्ये शॉपिंग फेस्टिव्हल आहे. देऱ्यातल्या मॉलमध्ये आम्ही एक गाव उभं करतोय. इंग्लंडचं, सहाशे वर्षांपूर्वीचं बाजाराचं गाव. चांभार, बेकरीवाला, मेणबत्तीवाला, पिंपं करणारा, सगळ्यांची दुकानं. त्यात एक तांबटाचं. त्या दुकानात टांगायला भांडी हवीत. ती तुमच्या डक्टच्या पत्र्याची करायची, वरून आमचा पेंटर तांब्याचा रंग मारेल."

"म्हणजे आत काही शिजवायचं नाही?"

"नाही."

"पाणीसुद्धा भरायचं नाही?"

"अहो, ती दहा फुटांवर टांगलेली असणार. बुडाला भोक असलं तरी चालेल."

विष्णूभाऊंनी पुन्हा मान डोलावली. बुडाला भोक असलेलं भांडं चालेल, हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

विष्णू रामचंद्र निजामपूरकर, वय बावन्न, मूळ मुक्काम तांबट आळी, पुणे. वयाच्या नवव्या वर्षी ते वडिलांसमोर बसले आणि चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिथून उठले नाहीत, असं म्हटलं तरी फारसं चुकायचं नाही. बंब, घंगाळं, हंडे, पूजेची ताम्हनं. पत्रा तापवून विझवायचा, लाकडी मोगरीनं त्याला गोलाई आणायची आणि शेवटी मठारायचं, म्हणजे हातोडीचा एकेक घाव शेजारच्या घावाला चिकटून असा मारत जायचं की भांड्यावर उजेडाचे ठिपके रांगेनं बसावेत. मग घरोघर गीझर आले, बंब माळ्यावर गेले. एक्क्याण्णव साली मुंबईच्या एजंटाकडे ट्रेड टेस्टला त्यांना पत्र्याचा एक कोपर, म्हणजे नळीचं वळण, करायला सांगितला. त्यांनी तो नकाशा न बघता अर्ध्या तासात करून दिला. परीक्षकानं विचारलं, कुठं शिकलात? विष्णूभाऊ म्हणाले, घरी. व्हिसावर लिहून आलं, डक्टमन.

तेव्हापासून अल कूझच्या वर्कशॉपमध्ये एसीच्या हवेच्या पत्र्याच्या पेट्या करायच्या आणि संध्याकाळी कंपनीच्या बसनं सोनापूरच्या खोलीवर यायचं. मुहैस्नाह हे त्या भागाचं नाव फक्त कागदावर होतं, राहणारी माणसं सोनापूरच म्हणायची. काम वाईट नव्हतं. पण पेट्या एकदा बसवल्या की त्याखाली फॉल्स सीलिंग यायचं. त्यांनी केलेलं काहीही आठ वर्षांत कुणाला दिसलेलं नव्हतं.

आणि नेमक्या याच दिवसांत त्यांच्या खिशात धाकट्या भावाचं पत्र होतं. दगडू अक्षर मोठं काढी, त्यामुळे पत्र लांबलचक वाटे, पण मजकूर थोडकाच होता.

'दादा, माझा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणतो, हातोडी विसरा. पोरगा कुरियरच्या ऑफिसात लागला, तो इथं बसणार नाही. शेजारचा मिक्सरवाला खोली मागतोय. तू परत येऊन बसणार असशील तर मी कुलूप लावून ठेवतो. येणार नसशील तर अक्षय्य तृतीयेला ऐरण उपटून खोली त्याच्या हवाली करतो. पैशाचा विचार करू नकोस, ते मी बघतो. फक्त हो की नाही ते सांग. वहिनी म्हणतात, त्यांनाच विचारा.'

वहिनी म्हणजे विष्णूभाऊंची बायको मनोरमा. ती असं म्हणाली याचा अर्थ तिचं मत पक्कं होतं, फक्त ते कुठलं हे विष्णूभाऊंना कळत नव्हतं. ऐरण त्यांच्या आजोबांनी जमिनीत पुरलेली. उत्तराचे तीन कागद त्यांनी सुरू केले. एकात 'हो' लिहिलं, एकात 'नाही', आणि तिसऱ्यात नुसतंच, 'इकडे सर्व ठीक, थंडी कमी झाली.' तिन्ही कागद गादीखाली गेले.

*

पत्र्याच्या भांड्यांसाठी त्यांच्या हाताखाली मुनीर दिला होता. मुनीर मुरादाबादचा, पितळेच्या गावचा. त्याच्या घरीही तीन पिढ्या भांड्यांवर नक्षी कोरत होत्या आणि त्याच्याही व्हिसावर डक्टमनच लिहिलं होतं. तांबं चांगलं की पितळ, यावर दोघांचं सहा वर्षं भांडण चालू होतं.

"भाऊ, आप का तांबा तो बिना कलई के जहर है," मुनीर म्हणायचा.

"और तेरा पीतल बिना तांबे के है क्या?" विष्णूभाऊ विचारायचे, आणि तिथे भांडण त्या दिवसापुरतं संपायचं.

भांड्यांचे नकाशे इंग्लंडहून आलेल्या डिझायनरनं काढले होते. त्याचं नाव ब्रॅडवेल. उंच, लालबुंद, सतत घाई असलेला, पण आवाज कधी न चढवणारा माणूस. नकाशात प्रत्येक भांडं वाकडं होतं. विष्णूभाऊंना वाटलं, झेरॉक्स हलली असेल. त्यांनी बारा भांडी सरळ केली. ब्रॅडवेल आला, त्यानं भांड्यांभोवती एक चक्कर मारली आणि गुणवंतला काहीतरी म्हणाला.

"काम अप्रतिम आहे म्हणतो," गुणवंतनं सांगितलं. "आता ती वाकडी करा म्हणतो."

"का?"

"जुनी दिसायला हवीत."

"साहेब, जुनं भांडं वाकडं असतं असं यांना कुणी सांगितलं? माझ्या आजीची कळशी ऐंशी वर्षांची आहे. फिरवून बघा, कुठं डुगडुगते का."

गुणवंतनं हे भाषांतर करून सांगितलं नाही. भांडी मुनीरनं वाकडी केली. त्याला फार मजा आली.

त्यानंतर दोघांना मॉलमध्ये कामावर बोलावलं. तिथं मधल्या चौकात लाकडाचं आणि थर्मोकोलचं गाव उभं राहत होतं. दुकानांवर अक्षरं नव्हती. चांभाराच्या दुकानावर लाकडी बूट लटकत होता, मेणबत्तीवाल्याकडे मेणबत्ती, तांबटाकडे कढई. त्या काळी लोकांना वाचता येत नसे म्हणून, असं गुणवंतनं सांगितलं. यात विष्णूभाऊंना नवल वाटलं नाही. सोनापुरातही शिंप्याच्या पाटीवर कात्री आणि न्हाव्याच्या पाटीवर वस्तरा होता. अरबी त्यांना येत नव्हती आणि आठ वर्षांत त्यांचं कुठं अडलंही नव्हतं.

शुक्रवारी सुट्टी म्हणून गुणवंत मुलीला घेऊन आला. वैभवी आठवीत होती. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तरं इंग्रजीत यायची. शाळेत याच गावाचा धडा होता म्हणे. ब्रॅडवेलचं मोठं चित्रांचं पुस्तक तिनं मांडीवर घेतलं आणि विष्णूभाऊ तिच्या शेजारी पालथ्या बादलीवर बसले.

एका चित्रात एक अरुंद गल्ली होती. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानात पुढं ऐरण, मागं भट्टी, वर राहायची खोली. एक म्हातारा हातोडी घेऊन बसला होता आणि समोर नऊ-दहा वर्षांचा मुलगा.

"हे कुठलं?" विष्णूभाऊंनी विचारलं.

"सेम टाउन, अंकल. ब्रेझियर्स स्ट्रीट. ऑल द कॉपर पीपल लिव्ह्ड हिअर."

"सगळे एकाच आळीत?"

"येस. अँड द बॉय इज अप्रेंटिस. सेव्हन इयर्स. नो सॅलरी, ओन्ली फूड."

"मला तर अकरा वर्षं नव्हता पगार," विष्णूभाऊ म्हणाले. "आणि?"

वैभवी बोटानं ओळी वाचत सांगत गेली आणि गुणवंत मराठी करत गेला. कारागिरांची पंचायत असे. ती ठरवी तोच भाव. बाहेरगावच्या माणसाला पंचायतीच्या परवानगीशिवाय दुकान टाकता येत नसे, आणि एका धंद्याच्या माणसानं दुसरा धंदा केला तर दंड.

मुनीर मागे उभा राहून ऐकत होता. "अरे, ये तो अपना वीजा ही हुआ," तो म्हणाला. "हाथ में कुछ भी हो, कागज पे जो लिखा है वही काम करो."

पुढे लिहिलं होतं की ज्याचं भांडं गळकं निघे त्याचं भांडं भर बाजारात ठेचून टाकत. विष्णूभाऊंच्या डोळ्यांपुढे एकदम त्यांचे वडील आले. गिऱ्हाईक घंगाळाची तारीफ करत असताना त्यांनी ते हातातून काढून घेतलं होतं, उजेडाकडे धरलं होतं आणि हातोडीनं चेपलं होतं. विष्णूनं केलेलं ते पहिलं घंगाळ.

"बेटा," त्यांनी विचारलं, "हे किती वर्षांपूर्वीचं म्हणालीस?"

"सिक्स हंड्रेड."

"नक्की?"

"अंकल, इट्स हिस्टरी!" वैभवी हसली.

विष्णूभाऊ हसले नाहीत. त्यांना गोंधळल्यासारखं झालं. ती आळी त्यांनी आठ वर्षांपूर्वी सोडली होती. मधली पाचशे ब्याण्णव वर्षं कुठं गेली?

"मग ही आळी बंद कधी पडली? शेवटचा कोण बसला होता?"

वैभवीनं पानं उलटली. पुढच्या पानावर चर्च होतं, त्याच्या पुढच्या पानावर प्लेगची साथ, मग एकदम कारखान्यांची चित्रं. "नॉट गिव्हन," ती म्हणाली.

"असं कसं? हातोड्यांचं काय झालं? ऐरणी कुणी उपटल्या?"

"पुस्तकात एवढं नसतं हो विष्णूभाऊ," गुणवंत म्हणाला.

त्या दिवशी बसमधून परत जाताना विष्णूभाऊंनी दगडूचं पत्र परत वाचलं. त्यांना उगाचच वाटत राहिलं की हे पत्र इंग्लंडातून आलंय.

*

पुढच्या आठवड्यात एक लाकडी पेटी आली. तिच्यात भुशात ठेवलेलं एक खरं भांडं होतं. दुकानाच्या पुढ्यात, लोकांना जवळून दिसेल असं ठेवायला ब्रॅडवेलनं ते इंग्लंडातल्या एका संग्रहातून मागवलं होतं. उघडताना विष्णूभाऊ तिथं होते. भांडं बाहेर आलं आणि ते दोन पावलं पुढे गेले.

तांबं. खरं, जाड, हातानं घडवलेलं. पण काय दशा! काळं पडलेलं, कडेला हिरवा चिकटा, पोटावर तीन पोचे, आतली कल्हई पार उडालेली. विष्णूभाऊंनी ते उचललं, बोटाच्या पेरानं वाजवलं आणि कान लावला. भांडं फुटकं नव्हतं. नुसतं बेवारस होतं.

"याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

गुणवंत घाईत होता. एकीकडे फोनवर बोलत होता. "तुमच्या दुकानात पुढं ठेवायचं आहे. मांडून ठेवा नीट."

'नीट' म्हटल्यावर विष्णूभाऊंना एकच अर्थ ठाऊक होता. भांडं मांडायचं म्हणजे आधी ते मांडण्याजोगं करायचं. त्यांनी मुनीरला मसाल्याच्या बाजारात पिटाळलं. मुनीर चिंच, खडेमीठ आणि नवसागर घेऊन आला. कथील वर्कशॉपमध्ये होतंच. भांडं त्यांनी कंपनीच्या गाडीतून अल कूझला नेलं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी घरून आणलेली हातोडी ट्रंकेतून काढली. आधी पोचे, आतून गोल दांड्यावर धरून, मोगरीनं, अगदी हलक्या हातानं. मग चिंच. काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं लाल. मग आत कल्हई. नवसागराचा पांढरा धूर उठला तशी वर्कशॉपमधली केरळी पोरं खोकत बाहेर पळाली. मुनीर मात्र नाक फुलवून तिथंच उभा राहिला.

"घर की खुशबू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता भांडं दुकानात पुढं मांडलेलं होतं. मॉलचे सगळे दिवे त्यात उतरले होते.

ब्रॅडवेल आला. थांबला. भांड्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, पुन्हा भांड्याकडे. त्याचा लाल चेहरा आधी पांढरा झाला आणि मग होता त्याहून लाल. तो अगदी हळू आवाजात बोलू लागला. गुणवंतच्या कपाळावर घाम आला.

"विष्णूभाऊ, तो म्हणतोय की ते भांडं तीनशे वर्षांचं होतं. तो रंग यायला तीनशे वर्षं लागली होती."

"साहेब, त्यांना सांगा, तीनशे वर्षं ते कुणी घासलंच नव्हतं."

"अहो, तीच तर त्याची किंमत होती!"

विष्णूभाऊंनी भांड्याकडे बघितलं. ते आता पाण्याला, आमटीला, लग्नाच्या पंगतीला, कशालाही चाललं असतं. काल ते कशालाच चाललं नसतं. मग किंमत नक्की कधी गेली? त्यांनी हे विचारलं नाही, कारण गुणवंतचा चेहरा पडलेला होता. पण ते त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. "माझी चूक झाली, साहेब," ते म्हणाले. "पण कुठली झाली तेवढं सांगा, म्हणजे परत होणार नाही."

हे गुणवंतनं भाषांतर करून सांगितलं.  ब्रॅडवेल खाली वाकला, त्यानं भांडं उचललं, पोचे होते त्या जागेवरून अंगठा फिरवला. जागा सापडेना. त्यानं भांडं उजेडाकडे धरलं.  विष्णूभाऊंचे वडील असंच धरायचे.

ब्रॅडवेलनं भांडं खाली ठेवलं. मालकाला काय कळवायचं ते मी बघतो, तो म्हणाला. आणि मग निराळंच काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो," गुणवंत सांगू लागला, आता त्याचाही गोंधळ झाला होता, "तांबटाच्या दुकानात पुतळा बसवणार होतो, तो नको. तुम्ही बसा. महिनाभर. तुमच्या कंपनीशी तो बोलेल."

*

फेस्टिव्हल सुरू झाला. विष्णूभाऊंना जाड तपकिरी अंगरखा, चामड्याचा एप्रन आणि कानटोपीसारखी टोपी देण्यात आली. मुनीरला समोर मेणबत्तीवाला केलं होतं. त्याला टोपीऐवजी पिवळे केस मिळाले होते.

"कैसा दिखता हूं, भाऊ?"

"मुरादाबाद का लॉर्ड," विष्णूभाऊ म्हणाले.

ब्रॅडवेलनं विष्णूभाऊंच्या हातात दोन वस्तू दिल्या. एक अर्धवट घडवलेलं तांब्याचं भांडं, आणि रबराच्या तोंडाची हातोडी. गावापलीकडे मॉलमधलं घड्याळांचं दुकान होतं, तिथल्या गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून आवाज करायचा नव्हता. हातोडी उचलायची, खाली आणायची, भांड्याला टेकवायची. एवढंच.

पहिल्या दिवशी विष्णूभाऊंनी तसं केलं. दिवसअखेर हात इतका दुखला, जितका खऱ्या कामानं कधी दुखला नव्हता. मठारताना घाव कानानं मारतात. तांबं बोलतं, मऊ आहे की कडक झालंय, पुढचा घाव कुठं हवा. इथं तांबं मुकं होतं. आपण आंधळ्यासारखे चाचपडतोय असं त्यांना वाटत राहिलं.

लोक यायचे, फोटो काढायचे. एका छोट्या मुलीनं आईला विचारलं, "इज ही रियल?" आईनं विष्णूभाऊंकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "आय डोन्ट थिंक सो." विष्णूभाऊंनी पापणीसुद्धा हलवली नाही. खरं उत्तर काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, वैभवी आली. बराच वेळ बघत उभी राहिली.

"अंकल, व्हेन विल इट बी फिनिश्ड?"

"काय?"

"द पॉट."

विष्णूभाऊंनी हातातल्या भांड्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच होतं. आणि महिन्याच्या शेवटीही तेवढंच असणार होतं. ते पूर्ण झालं तर उद्या करायला काय उरणार, म्हणूनही हातोडीला रबर लावलेलं असणार. सकाळपासून रात्रीपर्यंत तांबट काम करणार आणि भांडं अर्धंच राहणार.

"होणार नाही," ते म्हणाले.

"एव्हर?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "बेटा, पाच मिनिटं इथं लक्ष ठेव," ते म्हणाले, आणि एप्रन-टोपीसकट मॉलच्या दारातल्या फोनपाशी गेले. खिशात कार्ड होतं. मनोरमेला फोन करायचा तर ते आपल्या लग्न झालेल्या मुलीच्या घरी करत. आळीच्या तोंडावरच्या पीसीओचा नंबर फिरवायला कित्येक वर्षांत कारण पडलं नव्हतं, पण बोटांना तो पाठ होता. पीसीओवाल्यानं दगडूला हाक मारली.

"दादा? बोल ना. अचानक?"

"दगडू, मोठ्यानं बोलू का? ऐकू येतंय?"

"व्यवस्थित येतंय. तू ओरडतोयस कशाला?"

विष्णूभाऊ थांबले. सवय होती ती. पूर्वी या पीसीओवर फोन केला की दोघांनाही घसा फोडून ओरडावं लागे. शेकडो हातोड्या एकदम चालू असायच्या. अर्ध्या गोष्टी ऐकू येत नसत आणि उरलेल्या दोनदा सांगाव्या लागत.

"लाइन फार स्वच्छ आहे रे," ते म्हणाले. "नवी केबल टाकली का?"

"नाही बुवा. तीच आहे."

"मग आज आळीला सुट्टी आहे का?"

"सुट्टी कसली? साडेअकरा वाजलेत, भर कामाची वेळ."

फोनमधून एका रिक्षाचा आवाज गेला. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. दगडूचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. विष्णूभाऊ कान देऊन ऐकत राहिले, फार लांबून एक हातोडी चालू असल्यासारखं वाटलं, मग तीही थांबली. दोन वर्षांपूर्वी ते सुट्टीवर घरी गेले तेव्हा दिवाळी होती, सगळी दुकानं बंदच होती. त्यांना काही वेगळं वाटलं नव्हतं.

"किती जण बसतात आता?"

"आपल्या रांगेत दोघं. समोर तीन-चार असतील. दादा, मी पत्र टाकलं होतं..."

"मिळालं. मिक्सरवाल्याला नाही सांग."

"म्हणजे तू येणार?"

"हा तमाशा संपला की येतो. मेच्या आत."

"नक्की ना? बावन्नाव्या वर्षी परत बसणार तू? आणि गिऱ्हाईक कुठाय? मी सांगतोय म्हणून येऊ नकोस हां. आम्ही इथं कंटाळून उठलो आणि तू तिकडून बसायला येतोयस. का पण?"

  दाराच्या काचेत विष्णूभाऊंना स्वतःचं रूप दिसलं, तपकिरी अंगरखा, डोक्यावर ती टोपी.

"ते मलाही नीट सांगता येत नाही," ते म्हणाले. "तू ऐरणीला हात लावू नकोस, एवढं कर."

ते परत आले तेव्हा दुकानासमोर दहा-बारा माणसं होती आणि वैभवी त्यांना काहीतरी समजावून सांगत होती. विष्णूभाऊ बसले. त्यांनी रबराची हातोडी बाजूला सारली आणि बैठकीखालच्या पिशवीतून स्वतःची काढली.

पहिला घाव पडला आणि अख्ख्या मॉलनं मान वळवली. दुसरा त्याला चिकटून बसला. तिसरा सरकला. विष्णूभाऊंना तो दिसण्याआधी ऐकू आला. चौथाही सरकला. आठ वर्षं, त्यांच्या मनात आलं, आठ वर्षांत हात परका झाला. पण थांबावंसं वाटेना. पहिली रांग वाकडी गेली. दुसरी जरा कमी. तिसऱ्या रांगेत कुठंतरी कान आणि हात यांची गाठ पडली आणि ठिपके एकामागून एक बसू लागले. समोर मुनीरनं पिवळे केस काढून ठेवले होते आणि तो मांडीवर बोटांनी ताल धरत होता.

मग सिक्युरिटीवाला धावत आला. "बाबा, खलास! खलास! नो साउंड!"

विष्णूभाऊंनी हातोडी खाली ठेवली. माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला होता.

*

व्हिसा रद्द करायचा म्हणजे कंपनीला अर्ज लागतो. तो दुसऱ्या दिवशी गुणवंतनंच भरून दिला, करामाच्या घरी, चहा घेता घेता. नाव, पासपोर्ट नंबर, हुद्दा. हुद्द्याच्या रकान्यात त्यानं 'डक्टमन' लिहिलं. विष्णूभाऊ बघत होते.

"कारण?" गुणवंतनं पेन थांबवून विचारलं.

"लिहायलाच हवं?"

"रकाना रिकामा ठेवला तर परत पाठवतात."

विष्णूभाऊ विचारात पडले. खांदा दगडूचा गेला होता, त्यांचा नव्हे. आजारपण नव्हतं, लग्न नव्हतं, भांडण नव्हतं. गिऱ्हाईक मिळेल का, ठाऊक नव्हतं. हात आणखी किती वर्षं साथ देईल, ठाऊक नव्हतं. ती वाकडी गेलेली रांग त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि तिसरी रांगही.

"सगळे काय लिहितात?" त्यांनी विचारलं.

"बरेच जण 'घरी काम आहे' असं लिहितात. ते चालतं."

"मग तेच लिहा," विष्णूभाऊ म्हणाले. "आहेच."